काठावर चालते, मध्यावर बंद पडते: उजनीतल्या एका बोटीच्या पेट्रोल पाइपचे प्रकरण

उजनी जलाशयाच्या करमाळा बाजूला, काठावरच्या एका गावात ही बोट आहे. फायबरची, उघडी, मागच्या फळीवर २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन. हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे लोक, एरवी चिलापी आणि रोहू माशांचे क्रेट, आणि अधूनमधून या काठावरून त्या काठावर जाणारी गावातली माणसे, ही तिची कामे. जानेवारीपासून तिची एकच तक्रार होती. मालकांच्या शब्दांत सांगायचे तर, "काठाला लय ग्वाड चालती मास्तर, मधी गेली की दम सोडती."

मी सोलापुरात आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. मालकांचा पुतण्या आमच्याकडे शिकून गेला आहे, त्याच्यामार्फत हे काम माझ्याकडे आले. ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण माझ्यापर्यंत येण्याआधी मशीन निरनिराळ्या हातांनी उघडले गेले होते, चांगले भाग बदलले गेले होते, बरेच पैसे गेले होते. आणि ज्या अडीच-तीन मीटर पाइपमध्ये दोष होता, तो पाइप कुणी हातात घेऊन नीट पाहिलाही नव्हता. टाकीपासून मशीनपर्यंतचा पाइप हा आउटबोर्डच्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे आणि बहुतेक वेळा संशय त्याच्यावर सर्वांत शेवटी येतो. क्रम उलटा हवा, असे माझे ठाम मत आहे आणि या प्रकरणाने ते आणखी पक्के झाले.

तक्रारीचे नेमके रूप

मशीन सकाळी दोन-तीन झटक्यांत सुरू व्हायचे. काठाजवळ मंद गतीवर कितीही वेळ ठेवा, आवाज एकसारखा. गिअर टाकून निम्म्या गतीवर नेले तरी काही अडचण नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की बोट काही मिनिटे नीट धावायची, मग आवाज बारीक होत जायचा, वेग पडायचा आणि मशीन गुदमरून बंद व्हायचे. नुसती दोरी ओढून ते धरायचे नाही. पाइपमधला रबरी बल्ब चार-पाच वेळा दाबला की धरायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मग त्यावर तोडगा निघाला होता. पुतण्या मागे बसून अख्खी फेरी बल्ब दाबत राहायचा आणि बोट पलीकडे पोचायची. गावात हे सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडले होते, की बसणाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मला मात्र हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटली. अशा टू-स्ट्रोक मशीनला वेगळे ऑइल नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. या मशीनला पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. म्हणजे पेट्रोल कमी पोचले की ऑइलही तेवढेच कमी पोचते. मशीन पूर्ण गतीवर आहे, आतली उष्णता सर्वाधिक आहे, आणि नेमके तेव्हाच पिस्टन आणि सिलिंडर कोरडे पडत आहेत. चारचाकीला पेट्रोल कमी पडले तर गाडी थांबते. इथे थांबण्याआधी पिस्टन जाम होऊ शकतो. बल्ब दाबून चालवलेली प्रत्येक फेरी मशीनच्या आयुष्यातून वजा होत होती.

दुसरे कारण पाण्याचे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात उजनी उणे झाल्याची, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरू लागल्याची, बातमी छापून येते तेव्हाही इथे बोटी चालण्याइतके मोठे पाणी असते. आणि त्याच दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारनंतर वळवाचा वारा उठतो. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. तिथे कारण वारा होता, पेट्रोल नव्हे. पण वारा उठल्यावर बोटीचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायचे असेल तर मशीन चालू असावे लागते. बंद पडलेली बोट वाऱ्याला आडवी होते. त्या मे महिन्यानंतर या काठावर "मशीन मधेच बंद पडते" हे वाक्य कुणी सहज उच्चारू नये, असे मला वाटते.

आधी काय काय झाले होते

प्लग बदलले. कार्ब्युरेटर साफ केला, काही दिवसांनी पुन्हा साफ केला. पेट्रोल पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, नवा टाकला. कुणीतरी जलपर्णीला दोष दिला. उजनीच्या मागच्या पाण्यात जलपर्णी भरपूर आहे, ती पंख्याला गुंडाळते, पाणी ओढायच्या जाळीवर बसते आणि मशीन तापते, ही गोष्ट खरी. पण मशीन तापले असते तर मागून येणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली असती किंवा थांबली असती. ती धार शेवटपर्यंत जोरात होती. शिवाय तापलेले मशीन बल्ब दाबल्याने बरे होत नाही. त्यामुळे जलपर्णीचा विचार मी लवकर बाजूला ठेवला.

प्रत्येक दुरुस्तीनंतर "आता ठीक आहे" असे का वाटत होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मशीन दुचाकीवर किंवा टेम्पोत घालून गावात नेले जायचे, टिपाडात पाणी भरून त्यात उभे करून चालवले जायचे. टिपाडात पंख्यावर भार येत नाही आणि थ्रॉटलही पूर्ण उघडता येत नाही. २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक मशीन पूर्ण गतीवर तासाला दहा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. मंद गतीवर जेमतेम एखादा लिटर. पाइपमधून तासाला चार लिटर जाण्याइतकीच वाट उरली असेल, तर टिपाडात मशीन दिवसभर चालेल आणि पाण्याच्या मध्यावर दर फेरीला बंद पडेल. टिपाडातल्या चाचणीने हा दोष सापडणे शक्यच नव्हते. उलट दरवेळी मेकॅनिक बल्ब दाबून सुरू करायचा, कार्ब्युरेटरची फ्लोटची वाटी काठोकाठ भरायची, आणि मशीन अगदी निरोगी वाटायचे.

विचाराची दिशा

पुतण्याला मी एकच प्रश्न विचारला: मशीन दम सोडते त्या क्षणी बल्ब हाताला कसा लागतो?

हा बल्ब फक्त सुरुवातीला पेट्रोल भरायचे साधन नाही, पाइपची नाडीही तिथेच सापडते. त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक झडप असते, पेट्रोल टाकीकडून मशीनकडे जाऊ देणारी आणि मागे न येऊ देणारी. बल्बवर बाण असतो, तो मशीनकडे हवा. मशीन भाराखाली चालत असताना बल्ब चपटा होत गेला तर टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये कुठेतरी अडथळा आहे: मशीनचा पंप ओढतो आहे, मागून पेट्रोल येत नाही. बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर मागून हवा येते आहे, किंवा बल्बची झडप बसत नाही, किंवा पुढे पेट्रोल कुठेतरी वाहून जाते आहे, मग ती गळती असो की कार्ब्युरेटरची सुई न बसणे. बल्ब कडक आहे आणि तरीही मशीन उपाशी आहे, तर दोष बल्बच्या पुढे, मशीनच्या बाजूला.

पुतण्या म्हणाला, "मास्तर, कवा मऊ असतो, कवा चपटा होतो."

अशा वेळी यातले एक निरीक्षण चुकीचे समजून सोडून देण्याचा मोह होतो. मुलगा ट्रेड शिकलेला होता, रोज तोच बल्ब दाबत होता. त्याचा हात चुकत असेल असे मानायला मला कारण दिसेना. दोन्ही खरे असतील तर दोष एक नाही, दोन आहेत. कुठून तरी हवा शिरते आहे आणि कुठे तरी वाटही अडली आहे. एकाने दुसऱ्याला झाकले आहे.

चाचण्या

पहिली चाचणी सर्वांत स्वस्त होती: शेजारच्या बोटीची टाकी आणि पाइप मागून घेतले. त्या बोटीचे मशीन त्याच कंपनीचे असल्याने पाइपचे तोंड, म्हणजे कपलर, जुळला. मालकांनी बोट पूर्ण थ्रॉटलवर लांबपर्यंत नेली आणि परत आणली. मशीनने एकदाही दम सोडला नाही. एवढ्यावरून मशीन, पंप, कार्ब्युरेटर, प्लग, सगळे संशयातून सुटले. जानेवारीत पहिल्यांदा तक्रार आली तेव्हाच हे केले असते, तर मशीनचा एकही नट सोडावा लागला नसता. कुठलीही आउटबोर्ड पूर्ण गतीवर उपाशी पडत असेल तर स्पॅनर हातात घेण्यापूर्वी उसनी टाकी आणि उसना पाइप लावून बघावा, हे मी आता वर्गात पहिल्याच तासाला सांगतो.

दुसरी चाचणी हवेची. जुनी टाकी, जुना पाइप पुन्हा लावला आणि बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला, पारदर्शक पाइपचा वितभर तुकडा तात्पुरता जोडला. असा तुकडा केवळ तपासणीपुरता लावायचा, काम झाले की काढायचा. मशीन भाराखाली चालवले, तर तुकड्यातून बुडबुड्यांची न तुटणारी माळ जाताना दिसली. बुडबुडे बल्बच्या आधीच दिसत होते, म्हणजे हवा त्याच्याही मागून, टाकीच्या जोडाच्या आसपास शिरत होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण जवळजवळ सगळे इथेच फसतात. मालक म्हणाले, "पण मास्तर, पाइप कुठं गळत न्हाय. एक थेंब न्हाय." बरोबर होते. टाकी खाली असते, पंप मशीनवर असतो आणि तो पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे चालत्या मशीनच्या पाइपमध्ये बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. शहाळ्याच्या नळीला भोक पडले तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते, तसेच. ओढणाऱ्या बाजूची गळती थेंबाने दिसत नाही. ती दिसते फक्त आतल्या बुडबुड्यांत. बल्ब दाबताना मात्र त्याच्या पुढच्या पाइपमध्ये उलट दाब तयार होतो आणि तिथला सैल जोड ओला होतो. म्हणून बल्बच्या पुढचे सांधे दाबून तपासता येतात, मागचे तपासता येत नाहीत. आणि या बोटीत दोष मागे होता.

तिसरी चाचणी अडथळ्याची. व्हॅक्यूम गेज आमच्या कार्यशाळेत असतेच. मशीनच्या तोंडाजवळ टी-जोड घालून ते लावले. पूर्ण गतीवर पंपाला किती जोर लावून पेट्रोल ओढावे लागते ते काट्यावर कळते. साधारणपणे चार इंच पाऱ्याच्या वर काटा गेला तर पाइपमध्ये अडथळा आहे असे समजतात. हवेची गळती चालू असताना काटा खरे सांगत नाही, कारण ओढ हवा भरून काढते. म्हणून टाकीजवळचा सदोष तुकडा आधी काढून टाकला, पाइप थेट टाकीच्या जोडावर बसवला, बुडबुडे थांबल्याची खात्री केली आणि मग मोजले. काटा सहाच्या पुढे गेला आणि बल्ब डोळ्यांदेखत चपटा झाला.

हे सगळे काम दिवसा, मोकळ्या काठावर, विडी-काडीपासून दूर केले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि वासही लवकर लक्षात येत नाही. पाइप सोडायचा तर टाकी आधी बोटीतून उतरवून काठावर घ्यायची, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

काय सापडले

टाकीजवळचा तुकडा लेव्हल पाइपचा होता, गवंडी पाणसळ बघायला वापरतात तो पारदर्शक पाइप. मागच्या उन्हाळ्यात मूळ पाइप त्या टोकाला चिरला होता, तेवढा कापून हा जोडला होता आणि दोन्ही बाजूंनी बाइंडिंग वायरने आवळला होता. या प्लास्टिकला मऊपणा आणणारे द्रव्य पेट्रोलमध्ये विरघळून निघून जाते. काही महिन्यांत पाइप पिवळा पडतो, काडीसारखा ताठ होतो आणि जोडाच्या तोंडावर घट्ट बसत नाही. तारेचा आवळ गोल नसतो. ती दोन ठिकाणी रुतते आणि मध्ये फट ठेवते. हवा तिथूनच येत होती.

दुसरा दोष मी पाइप उभा चिरला तेव्हा दिसला. बाहेरून तो पाइप चांगला होता. काळा, लवचिक, बाहेरून भेग नाही. आत मात्र अस्तराचा थर एका ठिकाणी सुटून फोडासारखा वर आला होता. मंद गतीवर पेट्रोल त्याच्या बाजूने निघून जायचे. पूर्ण गतीवर ओढ वाढली की तो फोड आतल्या वाटेवर आडवा यायचा आणि मशीन थांबले की परत आपल्या जागी जायचा. त्यात बाहेरून फुंकून हवा जाते की नाही हे बघणाऱ्यालाही पाइप मोकळाच वाटला असता.

टाकीच्या आतल्या ओढनळीच्या टोकाची जाळी तपकिरी चिकट थराने निम्मी भरली होती आणि तळाशी पाण्याचे टपोरे थेंब होते. मशीनच्या बाजूच्या कपलरमधली ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारे रबरी कडे, दबून चपटी झाली होती. तिच्यातून हवा येत असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण ती नव्याने बदलायला कारण पुरेसे होते.

अस्तर का सुटले असावे? वय हे एक कारण. ऊन हे दुसरे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि हा पाइप बारा महिने उघड्या बोटीत पडून असतो. तिसरे कारण पेट्रोलचे. देशात जून २०२२ मध्ये १० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला गेला, २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता जिकडेतिकडे तेच मिळते. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही, इथल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांमधून इथेनॉलच तर बाहेर पडते. शेतकऱ्याच्या उसाला त्याने आधार दिला आणि मी त्या मिश्रणाच्या विरोधात नाही. पण इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या रबराला ते फुगवते आणि सैल करते. हा पाइप ज्या काळातला होता त्या काळात कुणी एवढ्या इथेनॉलचा विचार करत नव्हते.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. थोडे पाणी ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते. मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. टू-स्ट्रोकसाठी हे फार वाईट, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि ओढनळी मात्र तळातून पिते. पहिल्यांदा मशीनला मिळतो तो ऑइल नसलेला थर. या टाकीत तशी वेळ आली नव्हती, पण तळाचे थेंब त्याच वाटेवर होते.

भाग कसे निवडले

पाइपसाठी मालकांनी आधी जवळच्या ऑटो स्पेअरच्या दुकानात विचारले होते. तिथे पुढ्यात येतो तो दुचाकीचा पेट्रोल पाइप. त्याचा भोक लहान, भिंत पातळ, लांबी वाढली की ओढ वाढते. बोटीसाठीच बनवलेला पाइप घ्यायचा आणि घेताना त्याच्या अंगावरची छपाई वाचायची. एसएई जे १५२७ किंवा आयएसओ ७८४० असे मानक लिहिलेले असते. अमेरिकी पद्धतीच्या पाइपवर ए१ किंवा बी१ अशी खूण असते. ए म्हणजे आगीच्या चाचणीत अडीच मिनिटे टिकलेला, बी म्हणजे ती चाचणी न लागणारा. पुढे १५ हा आकडा असेल, म्हणजे ए१-१५ किंवा बी१-१५, तर पाइपच्या भिंतीतून पेट्रोल पाझरण्याचे प्रमाण फार कमी. इथेनॉलच्या पेट्रोलला असाच पाइप हवा. उघड्या बोटीत, सुट्या टाकीसाठी बी१-१५ पुरतो. मशीन किंवा टाकी बंद जागेत असेल तर ए१-१५ खेरीज दुसरा घेऊ नये. छापील वर्षही बघावे. दुकानात चार उन्हाळे टांगून ठेवलेला "नवा" पाइप नवा नसतो.

आतला व्यास मशीनच्या तोंडाप्रमाणे. या मशीनला ८ मिलिमीटर. लहान मशीनना ६ चालतो, मोठ्यांना १० लागतो. गरजेपेक्षा बारीक पाइप म्हणजे विकत घेतलेला अडथळा. लांबीही हवी तेवढीच, टाकी सरकवायला थोडी ढिली. बोटीत गुंडाळी करून ठेवलेला जादा पाइप पायाखाली येतो आणि कुठेतरी दुमडतो.

बल्ब मशीनच्या कंपनीचा घेतला. इथे पैसे वाचवू नयेत असे माझे म्हणणे आहे, कारण स्वस्त बल्बचे रबर लवकर मऊ पडते आणि आतल्या झडपांचा भरवसा नसतो. नवा, कोरडा बल्ब जोडण्याआधी बाणाच्या दिशेने फुंकून बघावा: हवा जायला हवी, उलट दिशेने जायला नको. पेट्रोल लागलेला बल्ब तोंडाला लावू नये.

क्लिपा स्टेनलेसच्या, आणि शक्यतो कान दाबून बसवायच्या, पूर्ण गोल आवळणाऱ्या. स्क्रूची साधी क्लिप लहान पाइपला एका बाजूने चिमटते. उजनीचे पाणी गोडे, समुद्रासारखा गंज चढत नाही, म्हणून लोक लोखंडी क्लिपा वापरतात. तरीही पावसाळ्यानंतर त्या गंजतातच. तार मात्र कधीही नाही.

कपलर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि दुसऱ्याचा "जवळजवळ" बसतो. जवळजवळ बसणारा कपलर हवा ओढतो. जुना नमुना आणि मशीनचा मॉडेल क्रमांक, दोन्ही घेऊन किनाऱ्यावरच्या विक्रेत्याकडे मागणी केली. ओ-रिंग साध्या नायट्राइल रबराची न घेता व्हिटॉनची घेतली, ती इथेनॉलला चांगली टिकते.

पाणी वेगळे करणारा मोठा फिल्टर लावावा का, असे मालकांनी विचारले. पक्क्या बसवलेल्या टाकीच्या बोटीला मी हो म्हणालो असतो. इथे टाकी सुटी, उचलून रिकामी करता येणारी. फिल्टर लावला की आणखी दोन जोड येतात, म्हणजे हवा शिरायच्या आणखी दोन जागा. मशीनवरचा छोटा फिल्टर साफ ठेवणे आणि टाकीचा तळ बघत राहणे या बोटीला पुरेसे आहे. काही मशीनच्या फिल्टरच्या वाटीत लाल कडे असते, पाणी आले की ते तरंगते. ते दिसत असेल तर रोज एक नजर टाकावी.

सगळे भाग मिळून खर्च आला तो आधी कार्ब्युरेटर साफ करण्यात गेलेल्या मजुरीच्या आसपास.

बदलल्यानंतर

नवा पाइप लावून पूर्ण गतीवर काटा दोन इंचाच्या खाली राहिला. बल्ब कडक. पारदर्शक तुकडा तपासणीपुरता लावला तेव्हा सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे गेले आणि मग स्वच्छ पेट्रोल. मशीन इतके दिवस उपाशी चालले होते, म्हणून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब धरला जातो ते, मोजले. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, तेव्हा मालकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जुना प्लग पांढुरका पडला होता, नव्याचा रंग काही फेऱ्यांनंतर बिस्किटासारखा तपकिरी आला.

देखभालीचे जे ठरवले ते मालकांच्या रोजच्या कामात बसेल एवढेच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू चालवताना उघडा, नेताना-आणताना बंद. हा स्क्रू बंद राहिला तरी मशीन अगदी याच प्रकारे दम सोडते, त्यामुळे तक्रार आली की पहिला हात तिथे जावा. उन्हात उभ्या बोटीत पाइप मशीनला जोडलेला ठेवायचा नाही. टाकी तापते, आत दाब चढतो आणि पेट्रोल ढकलले जाऊन कार्ब्युरेटर तुंबतो. टाकी आणि पाइप पांढऱ्या ताडपत्रीखाली. मिसळलेले पेट्रोल दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच करायचे, अर्धी टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवायची नाही. बोट बराच काळ काठाला राहणार असेल तर पाइप सोडून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये शिळे पेट्रोल राहत नाही. महिन्यातून एकदा पाइप हातात घेऊन पूर्ण लांबीवर दाबत जायचे. कुठे मऊ, कुठे ताठ, कुठे चिकट लागतो ते बोटांना कळते. आणि दर दोन-तीन वर्षांनी पाइप व बल्ब बदलायचा, तो बाहेरून कितीही चांगला दिसो. कंपन्यांच्या पुस्तिकांत मुदत वेगवेगळी असेल. आपल्या उन्हासाठी माझे मत हे आहे.

मालकांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. जोडलेला दुसरा पाइप, बल्ब आणि कपलरसह, कोरडा, दोन्ही तोंडे बंद करून पुढच्या फळीखाली ठेवला. मी त्यात एवढीच भर घातली, की दर महिन्याला दोन्ही पाइप आलटून पालटून वापरावेत. कधीच न वापरलेला सुटा पाइप मध्यावर पहिल्यांदा लावायची वेळ येऊ नये.

त्यांच्या भावाच्या बोटीवर ४० अश्वशक्तीचे मशीन आहे. त्याचा पाइप बघितला तर ६ मिलिमीटरचा निघाला, मध्ये दोन ठिकाणी जोड. पूर्ण गतीवर कधी बंद पडली नाही, असे भाऊ सांगतात, कारण पूर्ण गतीवर ते कधी चालवतच नाहीत. वारा उठला तर चालवावी लागेल. त्याच्यासाठी १० मिलिमीटरचा पाइप आणि त्या कंपनीचा कपलर मागवला आहे.